मुडदेरावांचा श्वास

नाटकात मरायचं म्हणजे सोपं काम, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा मरून बघावं. गोळी लागून कोसळणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अंक संपेपर्यंत पडून राहायचं. भोवती बाकीचे नट बोंबलत असतात, वरून दिवे भाजत असतात, नाकाच्या शेंड्यावर माशी येऊन बसते, आणि पहिल्या रांगेतला एखादा दीडशहाणा नाटक सोडून तुमच्या छातीकडे टक लावून बसतो, की बघू हा कधी हलतो. मुडदेराव हलले नाहीत. सगळी हयात नाटक कंपनीत गेली, पण हलले नाहीत. खुनाचं नाटक असलं की खून त्यांचाच व्हायचा, आणि त्यातून पडलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं की खरं नाव सांगायला घरच्यांनाही क्षणभर आठवावं लागे.

एकदा नायिकेची टाच त्यांच्या बोटांवर पडली. नखं काळीनिळी झाली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एकदा प्रेक्षकांतलं एक लहान मूल हमसून हमसून रडायला लागलं की ते काका खरंच मेले, मला घरी न्या. ही गोष्ट मुडदेराव न्हाव्याला सांगत, भाजीवाल्याला सांगत, चुकीचा नंबर लागून फोन आला तर त्यालाही सांगत. बायकोला ती तोंडपाठ झाली होती. ती म्हणायची, स्टेजवर मरायचे ते मरायचेच, घरात काम निघालं की इथेही मरतात.

त्यांच्या कलेत एक गोम होती, आणि ती ते सहसा कुणाला सांगत नसत. नवखा नट श्वास रोखून धरतो, आणि रोखणारा शेवटी फुटतोच. मुडदेराव श्वास घेत, पण छातीत नाही. पाठीत घेत, कुशीत घेत, आणि लोकांची नजर दुसरीकडे असेल तेव्हाच घेत. नायक ओरडला की एक घोट. दार आपटलं की आणखी एक. मग बराच वेळ काहीच नाही. थोडक्यात, चोरून जगायचं.

आता अशा बापाच्या पोटी काय यावं? तर दडलेला माणूस जिवंत आहे का हे शोधणारं यंत्र करणारी लेक.

तिला घरी ठमी म्हणत. लहानपणी एकदा जमिनीवर ठाण मांडून बसली की चौघांनाही उचलता यायची नाही, म्हणून ठमी. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकली, मोठ्या कंपनीत राहून आली, तरी घरात ठमीच राहिली. तिनं आणि तिच्या वर्गातल्या एका मित्रानं रंगाच्या दुकानाच्या वरची खोली घेऊन वर्कशॉप काढलं होतं. खालून टर्पेंटाइनचा वास यायचा, वर सोल्डरिंगचा धूर असायचा, आणि टेबलावर काड्यापेटीएवढ्या हिरव्या बोर्डांची रास पडलेली असायची. ते बोर्ड म्हणजे रडार. विमानतळावरच्या गरगर फिरणाऱ्या रडारचं हे शेंडेफळ.

ते कसं चालतं हे मुडदेरावांनी लोकांना ठमीपेक्षा जास्त वेळा समजावून सांगितलं असेल, कारण ते न विचारता सांगत. यंत्र एक बारीक लहर सोडतं. ती समोर आपटून परत येते. किती वेळात आली त्यावरून वस्तू किती लांब ते कळतं. वस्तू केसाएवढी जरी हलली तरी परत येणारी लहर चहाडी करते. माणूस श्वास घेतो, अंग हलतं. झालं, सापडला. अंधार असो, धूर असो, मध्ये वीटकाम असो. एवढं सांगून ते थांबत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत, आणि मग सावकाश म्हणत की हे माझ्या लेकीनं केलंय.

ठमीच्या भागीदाराला सगळे चिक्कू म्हणत. गडी स्वभावानं दिलदार, पण विजेच्या बाबतीत महाकंजूष. बोर्डातला कुठला भाग फुकटची वीज खातोय हे शोधण्यात त्याची तहानभूक हरपायची. त्यानं त्या यंत्राला झोपाळू करून ठेवलं होतं. बहुतेक वेळ झोपायचं, मध्येच एक डोळा उघडून बघायचं, पुन्हा झोपायचं. त्यामुळे एवढीशी बॅटरी कित्येक आठवडे पुरायची. पडलेल्या इमारतीच्या फटीत यंत्र सोडून द्या, तुम्ही विसरलात तरी ते विसरणार नाही, असं तो म्हणे.

आणि ते पडलेल्या इमारतींसाठीच होतं. शहराच्या अग्निशमन दलानं चाचणी घ्यायचं कबूल केलं होतं. दलाच्या साहेबांना पटलं तर प्रत्येक गाडीवर ठमीची यंत्रं जाणार होती. नाही पटलं तर चिक्कूला दूरच्या शहरात नोकरी चालून आलीच होती, आणि एकटीच्या बळावर ठमीला वर्कशॉप चालवता आलं नसतं. म्हणजे खोलीला कुलूप, आणि एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

चाचणीच्या आधी ठमीनं एक बोर्ड घरी आणला आणि कपाटावर ठेवला. आई दुपारी लवंडली, यंत्राचा दिवा लागला. चिक्कू खुर्चीत बसल्या बसल्या पेंगला, दिवा लागला. शेजारच्या काकू उसनी साखर न्यायला आल्या आणि तासभर बसल्या, दिवा विझायचं नाव घेईना. मग मुडदेरावांना राहवेना. मी पडतो, म्हणाले. सोफ्यावर आडवे झाले, डोळे मिटले आणि मेले.

दिवा विझला, तो पुन्हा लागलाच नाही.

मुडदेराव उठले तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. पायात चपला सरकवून ते थेट बाहेर पडले. न्हाव्याकडे गेले, औषधाच्या दुकानात गेले. प्रेक्षक सोडा, आता रडारसुद्धा मला जिवंत धरत नाही, असं दहा जणांना सांगून आले. घरी परतले तर ठमी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि पडद्यावर त्यांच्या श्वासाची वेडीवाकडी रेघ होती. तिचा चेहरा बघून ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, भिंतीखाली सापडलेला माणूस असाच श्वास घेतो. कधी घेतो, कधी राहतो. आम्ही इतके दिवस खुर्चीत बसलेली माणसं शोधत होतो."

तिची चूक तिला तिथेच कळली होती. सगळ्या चाचण्या त्यांनी एकमेकांवर घेतल्या होत्या, पोट भरलेल्या, निवांत बसलेल्या माणसांवर. त्यामुळे यंत्राला एकच शिकवण मिळाली होती: ठेक्यात हलेल तो माणूस. ठेका चुकला की ते त्याला उंदीर समजे, नाहीतर वाऱ्यानं हललेला कागद समजे, आणि सोडून देई. मुडदेरावांनाही त्यानं कागदच समजलं होतं. रात्री जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस ठमी आणि चिक्कू दोघं कडाकडा भांडले. ठमीचं म्हणणं, काही वेडंवाकडं दिसलं की यंत्रानं झोपायचं नाही, बघत राहायचं. उंदीर असेल तर जागा बदलेल, पाणी टपकत असेल तर ठोक्यानं टपकेल. माणूस मात्र एकाच अंतरावर, वेळीअवेळी, तेवढाच हलत राहील. चिक्कूचं म्हणणं, असं जागरण केलं तर बॅटरीचं तेरावं घालावं लागेल. शेवटी ठरलं की शंका आली तरच जागायचं, एरवी झोपायचं. मग ठमीनं ते यंत्र घेऊन अख्खी आळी पालथी घातली. दम्याचे आजोबा, सर्दीनं बेजार झालेली बाई, तापानं फणफणलेला पोस्टमन, कुणाला म्हणून सोडलं नाही.

फक्त बापाला पडू दिलं नाही. मुडदेराव रोज विचारत, मी पडू का? ती रोज नाही म्हणे. एकदा त्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, "तुमच्या मापानं शिवलं तर ते तुम्हालाच बसेल, बाबा. मला सगळ्यांना बसणारं हवंय." त्यावर मनातल्या मनात त्यांनी तिला टाळी दिली.

चाचणीच्या दिवशी मुडदेराव डबा पोचवायचं निमित्त करून दलाच्या मैदानावर हजर झाले. तिथे जवानांच्या सरावासाठी एक खोटी पडकी इमारत रचलेली होती. तुटक्या स्लॅबचे थर होते, वाकलेल्या सळया होत्या, आणि मध्ये तीन ठिकाणी माणूस सरपटत जाईल एवढ्या पोकळ्या होत्या. रंगभूमीवर त्यांनी पुष्कळ पडके महाल पाहिले होते, पण हा पडकेपणा वजनदार होता.

दलाचे साहेब म्हणजे कमी बोलणारा माणूस. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की ते यंत्राच्या विरुद्ध नाहीत, पण एकदा एका यंत्रानं खाली कुणी नाही म्हटलं होतं, त्यांनी त्यावर विश्वास ठेवून माणसं पुढच्या ढिगाऱ्यावर नेली होती, आणि खाली माणूस होता. एवढं सांगून त्यांनी जवानांना पहिल्या फेरीची तयारी करायला लावली.

पहिल्या फेरीत एक धट्टाकट्टा जवान पोकळीत शिरला. ठमीनं बोर्ड स्लॅबवर टेकवला आणि यंत्रानं त्याला पटकन धरलं, किती खाली आहे तेही सांगितलं. दुसऱ्या फेरीत कुणालाच आत पाठवलं नव्हतं, आणि यंत्र गप्प राहिलं. चिक्कूचा जीव भांड्यात पडला. साहेबांचा पडला नाही. ते म्हणाले की हा जवान भात्यासारखा श्वास घेतो, तो तर मला नुसत्या कानानं सापडेल. धुगधुगी तेवढी उरलेला माणूस सापडला तर बोला. त्यांनी दुसऱ्या जवानाला तसं पडून दाखवायला सांगितलं, तर तो फिस्सकन हसला.

तेव्हा मागून मुडदेराव पुढे झाले. घसा खाकरला. म्हणाले, साहेब, हे काम माझं.

ठमीचा चेहरा पांढरा पडला. तिचा बाप म्हणजे त्या यंत्राला चकवणारा आजवरचा एकमेव माणूस, आणि यंत्र बदलल्यापासून त्यांच्यावर एकदाही पारखलेलं नव्हतं. ती नाही म्हणू शकली असती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, चालेल म्हणून.

चिक्कूनं मुडदेरावांना बाजूला ओढलं. बिचारा घामाघूम झाला होता. हळूच म्हणाला, काका, हात जोडतो, आत गेल्यावर जरा मोकळा श्वास घ्या, एवढं एकदा सांभाळून घ्या. मुडदेरावांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. लेकीच्या पोटापाण्याचा प्रश्न, तिथे कसली कला आणि कसलं काय, असं त्यांच्याही मनात आलंच होतं.

ते ठमीनं पाहिलं. ती जवळ आली आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत म्हणाली, "बाबा, मला मदत करायची नाही. तुमचं काम तुम्ही चोख करा. माझं मी करते."

मग तिला आणि चिक्कूला पाठमोरं उभं करण्यात आलं आणि जवानांनी मुडदेरावांना मधल्या पोकळीत सोडलं.

आत सिमेंटची भुकटी होती, ओलसर वास होता, आणि वरचा स्लॅब नाकापासून फार लांब नव्हता. मुडदेरावांनी एक पाय दुमडला, एक हात अंगाखाली घेतला, मान कलती टाकली. अशी मान पडलेला माणूस बघवत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. मग ते थांबले. कुणाचं ऐकायचं हे अजून ठरलं नव्हतं. एक म्हणतो श्वास घ्या, एक म्हणते घेऊ नका, आणि घेणारा तर मध्ये पडलेला.

वरचं बोलणं फटींतून ऐकू येत होतं. पहिल्या जागेवर कुणी नाही, असं ठमीनं सांगितलं. मग पावलं वाजली आणि नेमकी डोक्यावर येऊन थांबली. बोर्ड स्लॅबवर ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मुडदेरावांनी सवयीनं पाठीत एक घोट घेतला आणि निपचित झाले.

वेळ गेला. मग साहेबांचा आवाज आला, इथलं झालं का, मग पुढे चला. आवाज सरळ होता, पण मुडदेरावांचं सगळं आयुष्य माणसांचे आवाज ऐकत पडून राहण्यात गेलं होतं. साहेबांना माहीत होतं माणूस कुठे आहे ते. आणि त्या आवाजात निराशा होती.

एक श्वास. भरपूर, छाती फुगवून, जिवंत माणसासारखा एकच श्वास घेतला की दिवा लागला. वर्कशॉप राहिलं, चिक्कू राहिला, लेकीचं नाव झालं. कुणाला कळणार होतं? तिला कळलं असतं. ही पोर लहानपणी कॅरम खेळताना बापानं मुद्दाम सोंगटी चुकवली तर डाव उधळून उठायची. आणि तिला नसतं कळलं तरी काय? उद्या खरा माणूस खरोखरच्या भिंतीखाली असेल. त्याच्या कानाशी लागून कुणी म्हणणार नाही की काका, जरा मोकळा श्वास घ्या.

मुडदेरावांनी श्वास घेतला नाही. जे काही येत होतं ते सगळं त्यांनी पणाला लावलं आणि आयुष्यातलं सगळ्यात अस्सल मरण तिथे अंधारात, एकही प्रेक्षक नसताना, मेले. असं मरण कंपनीत कधी जमलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यांनी वाहू दिलं, पुसायला हात हलवला नाही.

"थांबा," वर ठमी म्हणाली. "घाई नको, साहेब. यंत्राला शंका आलीय. ते झोपत नाहीये."

कुणीतरी पाऊल उचललं होतं ते परत ठेवलं. दूर कुठेतरी ट्रकचं दार आपटलं, त्या आवाजाच्या आड मुडदेरावांनी डाव्या कुशीत एक चोरटा घोट घेतला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

"आहे," ठमी म्हणाली. "इथेच आहे. अर्धा मीटर खाली. हलत नाहीये, पण जिवंत आहे."

जॅक लावून जवानांनी स्लॅब उचलला. भसकन उजेड आत आला. मुडदेराव तसेच पडून राहिले, कारण पडदा पडल्याशिवाय उठायचं नाही हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं, आणि झालं, उठा, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. साहेबांनी त्यांचा चेहरा बघितला. भुकटीनं पांढरा, गालावर ओला ओघळ, मान भलतीकडे. ते गुडघ्यावर बसले, नाकापाशी बोटं धरली, छातीकडे निरखून बघितलं. सगळं आयुष्य ज्यांनी ढिगाऱ्यांतून माणसं उचलली त्यांचा चेहरा भराभर बदलला. स्ट्रेचर आणा म्हणाले. जवान धावले. चिक्कू मटकन खाली बसला आणि काका, काका करत रडायला लागला.

ठमी जागची हलली नाही. ती बापाकडे बघतसुद्धा नव्हती. बोर्ड त्यांच्या दिशेनं धरून ती लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत होती.

"साहेब, त्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आत्ताच श्वास घेतला त्यांनी."

"मला दिसत नाही," साहेब म्हणाले. त्यांची बोटं अजून नाकापाशीच होती.

"तुम्हाला नाही दिसायचा. आजपर्यंत कुणालाच दिसलेला नाही. मला दिसतोय."

हे शेवटचं मुडदेरावांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातून मुडदा निसटला. आधी ओठ हलले. मग गाल. मग छाती अशी भरून आली की ती आवरणं त्यांच्या हाती राहिलं नाही, आणि स्क्रीनवरची रेघ काठ सोडून वर गेली. जवान स्ट्रेचर घेऊन आले तोवर मढं हसत बसलं होतं.

साहेब तिथेच स्लॅबच्या कडेला टेकले. मग ते ठमीला म्हणाले की इतकी वर्षं या हातांनी माणसं तपासली, मेलेला कोण आणि जिवंत कोण हे कधी चुकलं नाही असं समजत होतो. आज चुकलो. बरं झालं, नाटकात चुकलो. त्यांनी तो काड्यापेटीएवढा बोर्ड हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि दलाच्या गाड्या किती आहेत ते तिला सांगितलं. एका गाडीवर दोन द्या म्हणाले.

मग मुडदेरावांकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही कोण हो नक्की?

मुडदेराव पाय झाडत उठले. हयातभरात ते स्टेजवर कधी उभे राहून बोलले नव्हते, त्यामुळे आवाज कुठे थांबवायचा हे त्यांना उमगत नसे. मैदानाच्या पलीकडे पाइप धूत असलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"माझा श्वास कधी कुणाला सापडला नाही, साहेब. एवढ्या मोठ्या थिएटरात सापडला नाही, तुम्हाला सापडला नाही. हिला सापडला. लेक आहे माझी."

ठमी म्हणाली, बाबा, पुरे आता. ती पुढे आली आणि त्यांच्या केसांतली सिमेंटची भुकटी झटकायला लागली. भुकटी केव्हाच निघून गेली होती, तरी तिचा हात त्यांच्या डोक्यावरून फिरतच राहिला.